बॅगेतली माती

मंडळी, शाळांना उन्हाळी सुट्टी लागली की आपल्यापैकी निम्मी घरे बंद होतात आणि ऑगस्टच्या अखेरीस पुन्हा उघडतात. परत येताना बॅगेत काय काय असते ते सभासदांना वेगळे सांगायला नको. मेतकूट, भाजणी, आगळाची बाटली, आणि कपड्यांच्या घडीत, ओल्या फडक्यात गुंडाळून वर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेले एखादे रोप. तुळशीचे, कढीपत्त्याचे, क्वचित मोगऱ्याचे. मुळाशी मातीचा गोळा असतोच. "आपल्या मातीतले आहे, जगेल," असे निघताना आई म्हणालेली असते.

आधी आमचा गुन्हा कबूल करतो. इथल्या पहिल्या सुट्टीनंतर आम्हीही आजोळच्या परसातले कढीपत्त्याचे रोप असेच आणले. विमानतळावर छातीत धडधड, घरी पोचल्यावर विजयोत्सव, आणि आठव्या दिवशी गॅलरीत एक वाळकी काडी. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी मात्र आम्ही रोप आणले नाही. या लेखात सांगायचे आहे ते एवढेच, की मंडळी, माती आणू नका. गावाहून आणण्यासारखे दुसरे काहीतरी आहे, ते शेवटी सांगतो.

पहिले कारण कायद्याचे. अमिरातीत बाहेरून रोप आणायचे तर आयातीचा परवाना आणि रोप रोगमुक्त असल्याचे सरकारी प्रमाणपत्र लागते. माती तर चालतच नाही. यावर आपले ठरलेले उत्तर असते, "एका रोपाने काय होणार आहे?" त्याचे उत्तर कोकणातल्या सभासदांनी द्यावे. माडाला लागणारा सोंड्या भुंगा त्यांना चांगला माहीत आहे. त्याची अळी खोडात शिरून आतून पोखरते, बाहेरून झाड हिरवेगार दिसते, आणि आपल्याला कळते तेव्हा शेंडा माना टाकून बसलेला असतो. हा भुंगा मूळचा दक्षिण आणि आग्नेय आशियातला, म्हणजे आपल्याच बाजूचा. १९८५ साली तो अमिरातीत आढळला आणि आज आखातातल्या खजुराचा तो सर्वांत मोठा शत्रू आहे. एवढे अंतर तो स्वतःच्या पंखांवर उडून आला नाही. तो पसरला माणसांनी इकडून तिकडे नेलेल्या रोपांतून. कढीपत्त्यावरही सिट्रस सिला नावाची एक बारीक कीड राहते. ती लिंबू-संत्र्याच्या झाडांत ग्रीनिंगचा रोग पसरवते, हे नागपूरकडच्या बागायतदारांना विचारा. ज्या देशात आपण पोटापाण्यासाठी आलो, तिथल्या लोकांच्या खजुराला आणि लिंबाला आपल्या बॅगेतून धोका पोचू नये, एवढे भान आपण ठेवायला हवे.

दुसरे कारण साधे आहे. ते रोप जगत नाही. आपले लागवडीचे सगळे वेळापत्रक पावसाशी बांधलेले. आषाढ-श्रावणात गावी नुसती काठी रोवली तरी तिला पालवी फुटते. त्याच दिवसांत इथे दुपारी पारा ४५ अंशांच्या घरात असतो आणि रात्रीही ३० च्या खाली उतरायला तयार नसतो. आपण पावसात भिजलेले रोप उचलतो आणि थेट तव्यावर ठेवतो. दोष त्या रोपाचाही नाही आणि आईच्या मायेचाही नाही. महिना चुकला, एवढेच.

आमच्या अनुभवाने सांगतो, इथली लागवड घटस्थापनेला सुरू करावी आणि अक्षय्य तृतीयेला आवरती घ्यावी. घटात धान्य पेरायचा मुहूर्त इथल्या हवेशी किती नेमका जुळतो पाहा! त्या सुमारास टोमॅटो, वांगी, मिरची यांचे बी टाकावे. दिवाळीत मेथी, कोथिंबीर, मुळा. तुळशीच्या लग्नापर्यंत तुळस अंगाने भरते, फक्त मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडाव्यात. संक्रांतीच्या भोगीच्या भाजीत घरचे एक वांगे पडले तरी त्या दिवशी जेवणाऱ्यांना दहा वेळा सांगण्याचा हक्क मिळतो. होळीनंतर ऊन चढू लागते आणि मे महिन्यात दुकान बंद. त्या चार महिन्यांत कुंडीतली झाडे वाढवायची नसतात, नुसती जगवायची असतात.

अर्थात हवा वेळापत्रकाने वागतेच असे नाही. १६ एप्रिल २०२४ चा दिवस आपण कुणी विसरणार नाही. अल ऐनच्या भागात खत्म अल शक्ला येथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस झाला. १९४९ पासूनच्या नोंदींत एवढा पाऊस नव्हता. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता, त्यापुढे हा आकडा किरकोळ वाटेल. पण जिथे सबंध वर्षात शंभर मिलिमीटर पडला तरी पुष्कळ, तिथे तो किरकोळ नव्हता. गाड्या बुडाल्या, तळमजले बुडाले, त्यापुढे कुंड्यांची काय कथा. तरी आमच्या गॅलरीचा हिशेब सांगतो. ज्या कुंड्यांना खाली भोक होते त्या वाचल्या. ज्या शोभेच्या कुंडीला भोक नव्हते, तिच्यातला मोगरा वाळवंटात बुडून मेला.

आता थोडे आमच्या धंद्यातले. आमची डॉक्टरेट रसायनशास्त्रातली आहे, बागकामातली नव्हे. त्यामुळे कढीपत्त्याची पाने पिवळी पडली तेव्हा आम्हीही सर्वांसारखे ताकच घातले. पाने पिवळी, शिरा मात्र हिरव्या, हे लोह कमी पडल्याचे लक्षण. गंमत अशी की इथल्या वाळूत लोह असते, पण चुनाही भरपूर असतो, आणि चुन्याच्या संगतीत ते लोह विरघळत नाही. झाड भरल्या ताटावर उपाशी राहते. खात्री करायची असेल तर चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाका. फसफसले तर चुना आहे. ताकातले आम्ल मातीत पडताच हा चुना ते गिळून टाकतो, म्हणून गावी लागू पडणारे ताक इथे फारसे लागू पडत नाही. कुंडीत वाळू कमी आणि नारळाच्या भुश्याचे कोकोपीट व कुजलेले खत जास्त घालावे. लोहाचे खत घेताना पाकिटावर ईडीडीएचए ही अक्षरे आहेत का ते पाहावे. ईडीटीए लिहिलेले स्वस्त असते, पण चुन्याच्या मातीत ते लोहाचा हात लवकर सोडते. राहिलेले ताक आपण प्यावे.

पाण्याचेही तसेच. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी नळाला चहाइतके गरम येते. ते कुंडीत ओतणे म्हणजे मुळे उकडणे. गीझर बंद ठेवून त्यातले पाणी थंड म्हणून वापरण्याची युक्ती आपण आंघोळीसाठी करतोच, तीच झाडांसाठी करावी. त्याहून चांगले म्हणजे एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी. ते जवळजवळ ऊर्ध्वपातित असते, त्यात क्षार नसतात, त्यामुळे कुंडीत साठलेले मीठ धुऊन निघते. आणि हवा जितकी दमट तितके ते जास्त मिळते, म्हणजे नेमके गरजेच्या दिवसांत. कोकणात न्हाणीच्या पाण्यावर अळू वाढतो, आमचा एसीच्या पाण्यावर वाढतो. त्या पाण्यात पोषण काही नाही, खत वेगळे द्यावे लागते. बादली मात्र वेळेवर रिकामी करावी, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या गॅलरीत धार लागते आणि वॉचमन वर येतो.

किडीबद्दल लिहिताना मात्र विनोद बाजूला ठेवतो. पिठ्या ढेकूण, मावा, पांढरी माशी ही मंडळी इथेही येतात. साबणाचे सौम्य पाणी, कडुनिंबाचे तेल, स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस, एवढ्यावर गॅलरीतली बाग सांभाळता येते. परंतु काही जण गावाहून शेतीची विषे आणतात, हे आम्हाला माहीत आहे. विशेषतः धान्यात ठेवायच्या त्या गोळ्या. त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. तो भिंतीच्या फटींतून, पाइपाच्या भोकांतून शेजारच्या घरात जातो. दुबई आणि शारजात शेजारच्या फ्लॅटमध्ये वापरलेल्या अशा विषाने झोपेत लहान मुले दगावली आहेत. अमिरातीत घरात ते वापरायला बंदी आहे, आणि ती योग्य आहे. ढेकणांसाठी नाही, झुरळांसाठी नाही, तांदळासाठी नाही आणि कुंडीसाठी तर नाहीच नाही. कुणाच्या घरी डबी असेल तर ती उघडू नका, ओली होऊ देऊ नका, कचऱ्यात टाकू नका. नगरपालिकेला फोन करून ती कशी सोपवायची ते विचारा. रसायनशास्त्राच्या माणसाचे एवढे एक म्हणणे ऐका, बाकीच्या लेखाकडे दुर्लक्ष केलेत तरी चालेल.

पाखरांशी मात्र आमचे भांडण नाही. साळुंक्या आणि लालबुड्या बुलबुल हेही आपल्यासारखेच तिकडून आलेले. टोमॅटो पिकला की आमच्या आधी त्यांना कळते. मागे एकदा होल्याच्या जोडीने तुळशीच्या कुंडीत चार काड्या टाकून दोन अंडी घातली. आता तुळशीला पाणी घालावे की नाही? घरात दोन पक्ष पडले. शेवटी कडेकडेने वाटीने पाणी घालायचे ठरले. पंधरवड्याने पिल्ले बाहेर आली आणि तुळसही टिकली. मुलांनी शाळेत निबंध लिहिला तो अर्थातच होल्यावर, तुळशीवर नाही.

आता मुख्य मुद्दा. आपल्या कुंड्या मरतात त्या ना किडीने ना उन्हाने. त्या मरतात कुलपाने. जुलैमध्ये आपण गावी जातो आणि झाडे मागे राहतात. मग जाण्याच्या आदल्या रात्री किल्ली कुणाकडे तरी द्यायची. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे अशा अकरा कुंड्या आल्या. चार गेल्या. त्यापैकी एका घराशी आमचे बोलणे दिवाळीच्या कार्यक्रमात पुन्हा सुरू झाले. तक्रार म्हणून हे लिहीत नाही. लिहायचे कारण असे, की उन्हाळ्यात इथे कोण राहतो याचा आपण कधी विचार करत नाही. ज्याची रजा मंजूर झाली नाही तो राहतो. नव्याने आलेला, तिकिटाचे पैसे साठवणारा, एका खोलीत चौघांबरोबर राहणारा राहतो. ज्याला स्वतःची गॅलरीच नाही, तो आपल्या गॅलरीला पाणी घालतो. आणि संक्रांतीला आपण वांगी खातो तेव्हा त्याला बोलावतो का? आम्ही स्वतः दोन वर्षे बोलावले नव्हते. लिहिताना लाज वाटते.

म्हणून मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, नवरात्राच्या कार्यक्रमात एक टेबल रोपांसाठी ठेवावे. ज्याच्याकडे फांदी, बी, पिल्लू असेल त्याने आणावे, हवे त्याने न्यावे. इथल्याच रोपवाटिकेतली, इथल्याच उन्हात तावून निघालेली रोपे आपल्यातच फिरू द्यावीत. दुसरी, मे महिन्याच्या सभेत उन्हाळ्यातल्या पाण्याची यादी करावी. आणि जो पाणी घालेल त्याचा हिवाळ्यातल्या भाजीत वाटा आणि आपल्या पानावर हक्काची जागा असावी. तिसरी, जे कुटुंब कायमचे परत जात असेल त्याने दोन शब्द मंडळाला कळवावे. नोकरी सुटली, व्हिसा रद्द झाला की दिवस मोजके असतात. सामान विकायचे, शाळेचे दाखले काढायचे, त्यात कुंड्यांकडे कोण बघणार? कचऱ्याच्या डब्याशेजारी उभी केलेली फुललेली तुळस आम्ही पाहिली आहे. त्या घराकडे आपण निरोपाला गेलो होतो का, हेही तेव्हाच आठवले.

आमच्या गॅलरीत आज छातीइतका कढीपत्ता आहे. तो आजोळचा नाही. शारजातले एक कुटुंब परत गेले तेव्हा त्यांनी तो आम्हाला दिला. त्यांना तो अबू धाबीहून बदली होऊन गेलेल्या एका बाईंनी दिला होता, आणि त्यांच्याही आधी तो कुणाकडे तरी होता. पहिल्यांदा विकत कुणी घेतला ते ठाऊक नाही. आम्ही निदान चौथे. आमच्यानंतर पाचवे कोण, ते सांगता येत नाही. पण कुणीतरी असावे.

गावाहून आणण्यासारखे दुसरे काय, ते आता सांगतो. आजीच्या परसात कुणी शेजारीण आली की ती रिकाम्या हाताने जात नसे. चार पाने, एक फांदी, मूठभर बी काहीतरी हातात पडायचेच, आणि "थँक्यू" म्हणायची पद्धत नव्हती. ती रीत बॅगेत घाला. तिला वजन नाही आणि कस्टमवाले विचारत नाहीत.

यादीसाठी नावे पुढच्या सभेत द्यावीत. कुंड्या आणताना खाली भोक आहे ना, तेवढे पाहावे.