चुलीलाही रविवार हवा



आपल्या समाजातील शिकलेली मुले-मुली आज नोकरीनिमित्त अमेरिकेत, इंग्लंडात, आखातात जाऊन पोहोचली आहेत. सुटीत घरी येतात तेव्हा बॅगेतून नवनव्या वस्तू निघतात. त्यांत कधी 'स्लो कुकर' नावाचे विजेचे भांडे असते, आणि वाढदिवसाच्या पार्टीला यात गरम चीजचे डिप करू, असे लेक किंवा सूनबाई म्हणते. हे भांडे काय आहे, ते डिप कसे करतात, आपल्या घरात ते जमेल काय, अशी विचारणा महिला मंडळाच्या भगिनींनी आमच्याकडे केली. म्हणून या वेळी हाच विषय घेत आहोत. विषय खाण्याचा आहे. पण त्यात दुसराही एक प्रश्न आहे. घरात कार्यक्रम असताना घरची बाई पाहुण्यांत बसणार केव्हा?

प्रथम डिपविषयी. डिप म्हणजे बुडवून खाण्याचा दाटसर पदार्थ. अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलचा अंतिम सामना असतो, त्याला 'सुपर बोल' म्हणतात. पहिला सामना १९६७ साली झाला. हल्ली तो फेब्रुवारीतल्या एका रविवारी असतो. त्या दिवशी मित्रमंडळी कोणाच्या तरी घरी टीव्हीसमोर जमतात, आणि मधोमध गरम चीजचे भांडे असते. टेक्सास प्रांतात आणि मेक्सिकोच्या सीमेवर चीज व मिरची एकत्र वितळवून खाण्याची रीत जुनी आहे. तिचेच हे घरगुती रूप. 'वेलवीटा' नावाचे मऊ चीज सुमारे ४५० ग्रॅम घ्यायचे, त्याचे चौकोनी तुकडे करायचे, टोमॅटो व हिरवी मिरची घातलेला २८० ग्रॅमचा एक डबा त्यावर ओतायचा आणि स्लो कुकर मंद आचेवर लावायचा. अधूनमधून ढवळत राहिले की दीड-दोन तासांत सर्व एकजीव होते. मग बटण 'वॉर्म'वर करून ठेवायचे. मक्याच्या कुरकुरीत चकत्या बुडवून लोक उभ्या-उभ्या खातात. कित्येक जण त्यात आधी शिजवून घेतलेला खिमाही घालतात.

हे चीज निघाले कसे, तेही समजून घेण्यासारखे आहे. स्वित्झर्लंडहून अमेरिकेत आलेल्या एमिल फ्राय नावाच्या कारागिराने न्यूयॉर्क राज्यातील मन्रो गावी १९१८ साली ते तयार केले. चीजच्या मोठ्या चाकांचे तुटके तुकडे वाया जात, ते कामी यावेत हा हेतू. साधे जुने चीज जोराच्या आचेवर ठेवले तर त्यातील प्रथिने आकसतात, तूप वेगळे सुटते आणि खाली रबरासारखा गोळा उरतो. प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये सोडियम सायट्रेटसारखे क्षार घातलेले असतात. ते प्रथिने आणि स्निग्धांश यांना धरून ठेवतात, म्हणून असे चीज गुळगुळीत वितळते. आपल्याकडे किराणा दुकानात चीजची जी वडी मिळते ती बहुधा याच जातीची असते. वेष्टनावर 'प्रोसेस्ड' हा शब्द पाहून घ्यावा.

आता भांड्याची कथा. अर्व्हिंग नॅक्सन नावाच्या ज्यू संशोधकाने १९३६ साली या भांड्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४० साली त्यास ते मिळाले. या कल्पनेचे मूळ त्याच्या आईने सांगितलेल्या आठवणीत होते. लिथुआनियातील व्हिल्ना भागात ज्यू लोक शनिवार हा विश्रांतीचा दिवस पाळत. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, कोणतेही काम करायचे नाही. म्हणून शुक्रवारी सायंकाळ होण्यापूर्वी बायका कडधान्य, बटाटा, मांस असे भांड्यात भरून ते गावच्या पाववाल्याच्या भट्टीत नेऊन ठेवत. भट्टी विझवलेली असे, पण तिच्या उरल्या उबेवर रात्रभर ते अन्न शिजे. त्या पदार्थास 'चोलेंट' म्हणतात. आईची ही हकीगत ऐकून मुलाने चिनी मातीच्या भांड्याभोवती विजेची तार गुंडाळली. पुढे १९७० साली कॅन्सस सिटीच्या एका कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ साली 'क्रॉक पॉट' या नावाने हे भांडे बाजारात आणले. नोकरीस जाणाऱ्या बायकांनी सकाळी भांडे लावून जावे, सायंकाळी घरी यावे तो जेवण तयार, अशी त्याची जाहिरात होत असे.

शनिवार पाळणारी ही माणसे आपणास अगदीच परकी नाहीत. कोकणात, जुन्या कुलाबा जिल्ह्यात, मराठी बोलणारे बेने इस्रायल ज्यू पिढ्यान् पिढ्या राहिले. ते तेलाचे घाणे चालवीत, पण शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आठवड्यातील एक दिवस अंगमेहनतीला सुटी, ही किती मोठी गोष्ट आहे हे कष्टकऱ्यांना सांगायला नको. मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी कोणी दान म्हणून दिली नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या, तेव्हा १० जून १८९० रोजी मालकांनी ती मान्य केली. गिरणीला रविवार मिळाला, कचेरीला मिळाला, शाळेला मिळाला. चुलीला मात्र अजून मिळालेला नाही. उलट रविवारी चूल दुप्पट पेटते, कारण सगळे घरी असतात आणि पाहुणेही त्याच दिवशी येतात.

आपल्या घरचे कार्यक्रम आठवा. नामकरण असो, वाढदिवस असो, गृहप्रवेश असो की पुण्यानुमोदन असो. बाहेरच्या खोलीत त्रिसरण-पंचशील चालू असते, बौद्धाचार्य दोन शब्द सांगत असतात, आणि घरची बाई आत ओट्याशी घाम पुसत पुऱ्या तळत असते. गरम वाढले पाहिजे ना! वंदना तिच्या कानावर पडते ती कढईच्या आवाजातून. शेवटी ती जेवायला बसते तेव्हा भाजी थंड झालेली असते आणि पाहुणे चपला शोधत असतात.

१९४२ च्या जुलै महिन्यात नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली होती. समाजाची प्रगती आपण त्यातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, हे बाबासाहेबांनी त्या भगिनींना तेथे सांगितले. बायको ही नवऱ्याची बरोबरीची मैत्रीण असावी, हेही सांगितले. हे विचार आपण व्यासपीठावरून दरसाल ऐकवतो. ज्यांना ते ऐकायचे त्या आत पुऱ्या तळत असल्या तर उपयोग काय?

म्हणून अमेरिकेतल्या या डिपमध्ये आम्हाला चीजपेक्षा त्याची रीत अधिक महत्त्वाची वाटते. पदार्थ आधी करून ठेवायचा, तो कोपऱ्यात आपोआप गरम राहतो, ज्याचे त्याने वाढून घ्यायचे, आणि करणारी बाई चौघांत बसून गप्पा मारते. ही रीत आपण घ्यावी. त्यासाठी ते भांडेच पाहिजे असे नाही.

ज्यांच्याकडे ते आले आहे त्यांना मात्र एक धोक्याची सूचना. अमेरिकेत घरातील वीज १२० व्होल्टची असते, आपली २३० व्होल्टची. तिकडचे भांडे आपल्या बोर्डाला लावले तर उष्णता जवळजवळ पावणेचारपट होईल. भांडे जळेल, आगही लागू शकेल. दुकानात पिनांचा आकार बदलणारा स्वस्त जोड मिळतो, त्याने व्होल्टेज बदलत नाही. भांड्याच्या तळाशी लिहिलेला आकडा आधी वाचा. तेथे फक्त १२० असेल तर पुरेशा वॅटचा, वीज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागेल. तो नसेल तर भांडे नुसते भांडे म्हणून वापरा. आपल्याकडे विकले जाणारे २३० व्होल्टचे भांडे असेल तर हरकत नाही. २०० वॅटचे भांडे चार तास चालले तरी एक युनिटही वीज जळत नाही.

आता आपल्या घरची कृती. ही पंधरा माणसांना चवीपुरती पुरेल.

साहित्य: प्रोसेस्ड चीज ४०० ग्रॅम, दूध ४०० मिलीलिटर, लोणी दोन मोठे चमचे, मैदा दोन मोठे चमचे, एक कांदा, दोन टोमॅटो, तीन-चार हिरव्या मिरच्या, लसणाच्या पाच-सहा पाकळ्या, मिरपूड. मीठ घालू नये, ते चीजमध्ये असतेच.

चीज किसून ठेवावे. टोमॅटोच्या बिया व पाणी काढून टाकावे आणि बारीक चिरावे. जाड बुडाच्या पातेल्यात लोणी गरम करून त्यात कांदा, लसूण, मिरची परतावी. टोमॅटो घालून पाणी आटेपर्यंत शिजवावे. मग मैदा घालून दोन मिनिटे भाजावा, म्हणजे कच्चा वास जातो. दूध थोडे थोडे घालत ढवळावे, गुठळी होऊ देऊ नये. मिश्रण दाटसर झाले की गॅस अगदी बारीक करावा आणि चीज मूठ-मूठ घालावे. पहिली मूठ वितळल्यावर दुसरी. घाई केली आणि उकळी आणली तर चीज फाटते. शेवटी मिरपूड घालावी. खिमा घालायचा असेल तर तो आले-लसणात वेगळा पूर्ण शिजवून, कोरडा करून घालावा. कच्चा खिमा चीजमध्ये शिजवू नये.

आता ते गरम कसे ठेवायचे? मोठ्या पातेल्यात अर्ध्यापर्यंत कढत पाणी घ्या, त्यात डिपचे छोटे पातेले ठेवा, वर झाकण. पाणी निवू लागले की बदला, किंवा गॅस अगदी बारीक ठेवा. विजेच्या भात-कुकरला 'वॉर्म'चे बटण असेल तर डिपचा डबा गरम पाण्यासह त्यातही ठेवता येतो. डिप घट्ट झाले तर दोन चमचे गरम दूध घालून ढवळा. मात्र ते कोमट होऊ देऊ नका. ६० अंश सेल्सिअसच्या खाली दुधाच्या पदार्थात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून वाफ दिसली पाहिजे. दोन तास कोमट पडून राहिलेले डिप मुलांना देऊ नका, टाकून द्या. भांडे भिंतीकडे सरकवून ठेवा. विजेचे असेल तर वायर लोंबकळू देऊ नका, लहान मुले ओढतात.

बुडवायला महागड्या चकत्या आणण्याची गरज नाही. पावाच्या पट्ट्या तव्यावर कुरकुरीत करा. सकाळच्या चपात्यांचे त्रिकोणी तुकडे मंद आचेवर भाजून घ्या. गाजर, काकडी, उकडलेल्या बटाट्याच्या फोडी चालतात. शेजारी एक पळी ठेवा, प्रत्येकाने आपल्या ताटलीत वाढून घ्यावे. एका भांड्यातून सर्वांनी घ्यावे ही समता खरी, पण उष्टा तुकडा पुन्हा त्याच भांड्यात बुडवणे ही समता नव्हे.

हिशेबाचेही बोलू. चीज महाग आहे. वरील प्रमाणात माणशी सत्तावीस ग्रॅमच्या आसपास चीज पडते. तेवढे परवडत नसेल तर २०० ग्रॅम चीज घ्या आणि दोन उकडलेले बटाटे मऊ कुस्करून, दुधात घोटून त्यात मिसळा. चव बरी लागते, दाटपणाही येतो. तेही नको असेल तर मुगाची उसळ किंवा खिमा-पाव करा. पातेले त्याच रीतीने गरम पाण्यात राहते. दुसऱ्याच्या घरी झाले म्हणून आपल्याकडे झालेच पाहिजे, या हट्टापायी पतपेढीचे कर्ज काढू नये. वाढदिवस एका संध्याकाळचा असतो, हप्ते वर्षभर चालतात.

शेवटी घरातील पुरुषमंडळींना एक विनंती. भांडे गरम राहते म्हणजे सर्व काम आपोआप झाले असे नव्हे. चीज किसणे, पाणी बदलणे, ताटल्या गोळा करणे, पातेली घासणे ही कामे उरतातच. पातेल्यावर चिकटलेले चीज आधी गार पाण्यात भिजवले की सहज निघते, तेव्हा ही सबबही चालणार नाही. ही कामे बाप आणि मुलगे यांनी वाटून घ्यावीत. पुढच्या कार्यक्रमात वंदनेला सुरुवात होण्यापूर्वी एकदा स्वयंपाकघरात डोकावून पाहा. आत कोणी उभी असेल तर तिला बाहेर बोलवा, बसायला जागा द्या, आणि मगच वंदना सुरू करा.

जयभीम.