घाम वाळत नसेल तर सायकल थांबवा

मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेला की आपण सावध होतो. डोक्याला दुपट्टा बांधतो, दुपारी बाहेर पडणे टाळतो. जूनमध्ये वळवाची एखादी सर येते, पारा ३४-३५ वर उतरतो आणि आपण म्हणतो, ऊन उतरलं. वाशिम जिल्ह्यात सायकल चालवणाऱ्यांची फसगत याच दिवसांत होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शरीर घाम आल्याने थंड होत नाही, घाम वाळल्याने होते. घरातला माठ पाहा. मे महिन्यात त्यातले पाणी गार लागते, पावसाळ्यात लागत नाही, कारण दमट हवेत माठाला पाझरलेले पाणी वाळत नाही. आपल्या अंगाचेही तसेच आहे. ३४ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर सावलीतही सुमारे ४२ अंशांसारखे जाणवते. उन्हात त्याहून अधिक. सायकल चालू असताना वारा लागतो म्हणून हे कळत नाही. चढ लागला, वारा पाठीमागून आला किंवा सायकल थांबली, की उष्णता एकदम अंगावर येते.

आपल्या वस्त्यांमधून सायकल चालवणारे हौशी नाहीत. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलीवर शाळेला जाणाऱ्या मुली आहेत, बांधकामावर आणि पेरणीच्या कामाला जाणारे मजूर आहेत. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तोवर हवा दमट झालेली असते. सुट्टी घरात काढलेल्या मुलीचे शरीर या उकाड्याला सरावायला एक-दोन आठवडे लागतात. म्हणून पहिले काही दिवस तिने घाई करू नये, वाटेत थांबावे. उशीर झाला तर शिक्षकांनी रागावू नये. मजुराला "सकाळी लवकर जा" सांगणे सोपे आहे, पण परतायची वेळ त्याच्या हातात नसते. त्याला वाटेत पाणी आणि सावली मिळणे हाच खरा उपाय.

आता थोडे आपल्याबद्दल. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला आपण सायकल फेरी काढतो. वेळ आठची जाहीर होते, पाहुणे येईपर्यंत अकरा वाजतात आणि मुले उन्हात उभी राहतात. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील सरकारी सोहळ्यात उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. तिथे विदर्भासारखे ४५ अंश तापमान नव्हते. दमट हवा, डोक्यावर ऊन आणि तासन्‌तास बसणे एवढे पुरे झाले. आमचे म्हणणे साधे आहे. फेरी सहाला निघावी आणि नऊच्या आत संपावी. पाहुणे आले नाहीत तरी निघावी. मुलांपेक्षा पाहुणा मोठा नाही.

खिशात कांदा ठेवून ऊन लागत नाही, ही समजूतही सोडू या. तपासून मगच मानावे, हीच आपल्याला तथागतांची शिकवण आहे. कांद्यापेक्षा पाण्याची बाटली सोबत ठेवा आणि तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट प्या. घाम फार गेला असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घ्या. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते. अशी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका.

डोके दुखू लागले, मळमळ झाली, पायात गोळे आले, तर उतरा आणि सावलीत बसा. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर तो उष्माघात समजा. अंग कोरडेच पडेल असे नाही. कष्ट करताना उष्माघात झालेल्याला घाम येतच असतो. लगेच १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत वाट पाहत बसू नका. कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

शेवटी एक सूचना. आपली अनेक विहारे दुपारी कुलूपबंद असतात. एप्रिल ते जुलै रस्त्यालगतच्या विहाराचे दार उघडे ठेवू या. आत माठ, चटई, साखर-मिठाची पुडी आणि हवा भरायचा पंप असावा. येणाऱ्याला जात विचारायची नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते माणूस म्हणून पाण्यावरचा हक्क सांगण्यासाठी. आज पाणी देणे आपल्या हातात आहे. या उन्हाळ्यात ते देऊ या.

जयभीम!