आधी मच्छरचं मशीन काढा

मुंबईच्या चारकोपमध्ये दिवेलागण झाली की खाडीकडून डास येतात. एका बाजूला खारफुटी, तिला लागून आमची वस्ती. १९८० च्या दशकात म्हाडाने जागतिक बँकेच्या मदतीने आखून दिलेले छोटे प्लॉट, भिंतीला भिंत, चिंचोळ्या गल्ल्या. संध्याकाळी दारं-खिडक्या लावायच्या आणि प्लगमध्ये मच्छरचं मशीन लावायचं. आधी कॉइल होती, मग मशीन आलं, एवढाच काय तो फरक. त्याच मशीनने आमची बकुळा गेली. बटण मी दाबलं होतं.

बकुळा म्हणजे टॅरेंटुला कोळी. दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेकडच्या जंगलात झाडावर राहणाऱ्या जातीची मादी. अंगभर काळे केस आणि आठही पायांची टोकं गुलाबी, म्हणून पाळणारे या जातीला ‘पिंक टो’ म्हणतात. माझ्या मुलाच्या मित्राला परगावी नोकरी लागली, नव्या घराच्या मालकाला कोळी चालेना, म्हणून ती आमच्याकडे आली. सुरुवातीला मी त्या खोलीत जेवायलाही बसत नव्हते. पुढे रात्री उठले की आधी तिच्याकडे बघायचे.

आम्ही पहिली चूक केली ती पाण्याची. जंगलातला प्राणी, पावसाची सवय, म्हणून मुलगा सकाळ-संध्याकाळ पेटीत फवारा मारायचा. महिना जुलैचा. चारकोपमध्ये जुलैत कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते, तिथे पेटीचं काय होणार? लाकडावर पांढरी बुरशी धरली, तळाशी घातलेला नारळाचा भुसा आंबूस वास मारायला लागला. बकुळा आपली रेशमाची नळी सोडून झाकणाच्या भोकांशी येऊन चिकटली. दोन दिवस तिथेच. आम्हाला वाटलं, तिला बाहेर यायचंय. तिला हवा हवी होती. टॅरेंटुलाच्या पोटाखाली पुस्तकाच्या पानांसारख्या पातळ पापुद्र्यांची चार फुप्फुसं असतात. झाडावरच्या जाती उंचावर, वाहत्या वाऱ्यात राहतात. त्यांना दमट हवा चालते, कोंदट हवा चालत नाही. पाळीव पिंक टो अचानक मरतात त्याला बरेचदा हा अतिकाळजीचा फवाराच कारण असतो.

मग पेटीच्या समोरासमोरच्या दोन बाजू कापून बारीक जाळी बसवली. पेटी रुंदीपेक्षा उंच, आत उभा सालीचा तुकडा, तळाशी कोरडा भुसा, एक वाटी पाणी. फवारा बंद. आठवड्यातून एकदा खाणं, तेही तिच्या पोटापेक्षा लहान किडा. तीन दिवसांत ती वर नळीत परत गेली. पुढे कात टाकायच्या आधी तिने महिनाभर काही खाल्लं नाही, आणि आम्ही धीर धरला. कात टाकून बाहेर आली तेव्हा तिचे सुळे पांढरे होते, अगदी ओल्या नारळासारखे. ते काळे होईपर्यंत खायला द्यायचं नसतं, हे तेव्हा कळलं.

किडे मात्र घरातले कधीच दिले नाहीत, आणि हे कांदिवली-मालाडच्या पोरांनी नीट ऐकावं. स्वयंपाकघरातलं झुरळ फुकट मिळतं, पण ते कुणाच्या तरी घरातलं झुरळं मारायचं जेल चाटून आलेलं असतं. त्याच्या पोटातलं विष कोळ्याच्या पोटात जाऊ शकतं.

एवढं सांभाळलं आणि मशीनचं भान राहिलं नाही. बकुळाची पेटी ग्रिलच्या गॅलरीत असायची. ऑगस्टमध्ये एका रात्री पाऊस आडवा यायला लागला म्हणून मी पेटी आत आणली आणि पलंगाजवळच्या कपाटावर ठेवली. खिडकी लावली. डास होते, मशीन लावलं. प्लग पेटीपासून दोन फुटांवर. पहाटे उठले तर ती नळीतून खाली आली होती. पाय उचलायची, आणि टेकताना तो थरथरायचा. भिंतीवर चढू पाहायची आणि सुटायची. काचेवरूनसुद्धा न घसरणारे तिचे पाय लाकडावरून सुटत होते. मुलाने पेटी गॅलरीत नेली, पाण्याची वाटी तिच्या तोंडाशी ठेवली. दुपारपर्यंत आठही पाय पोटाखाली मुडपले. कोळ्याचे पाय सरळ होतात ते आतल्या द्रवाच्या दाबाने. जीव गेला की दाब जातो आणि पाय मिटतात.

मशीनच्या बाटलीवर बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं. माझ्या बाटलीवर ट्रान्सफ्लुथ्रिन होतं. अशी औषधं म्हणजे शेवंतीच्या जातीच्या एका फुलातून निघणाऱ्या विषाची कारखान्यात घडवलेली भावंडं. ती डासाच्या मज्जातंतूंवर हल्ला करतात, आणि डासाचे मज्जातंतू आणि कोळ्याचे मज्जातंतू यात त्यांना फरक करता येत नाही. गल्लीत येणारा धूर असो की झुरळांचा फवारा, गोष्ट तीच.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. डासांच्या औषधाशिवाय ज्या घराला झोप येत नाही, त्या घराने टॅरेंटुला पाळू नये. पाळायचा तर आधी खिडक्यांना जाळ्या, पलंगाला मच्छरदाणी, आणि धूरवाले आले की दारं लावून पेटी सगळ्यात आतल्या खोलीत. आणि जो कुणी हा प्राणी विकतो त्याने किती वेळा खायला घालायचं हे सांगण्याआधी घरात कुठलं औषध वापरता हे विचारलं पाहिजे.

आणखी एक सांगायचं आहे. बकुळा गेल्यावर मुलाला एकाने निळा टॅरेंटुला देऊ केला. तो निळा कोळी आपल्याच देशातला आहे. मराठा सरदार मुरारराव घोरपड्यांच्या गुत्तीचा. मुंबईहून चेन्नईला जाताना गाडी ज्या गुत्तीवरून जाते, तिथल्या रेल्वेच्या लाकूड वखारीत तो सापडला आणि १८९९ मध्ये पोकॉक या शास्त्रज्ञाने त्याला नाव दिलं. मग शंभर वर्षं तो कुणाला दिसलाच नाही. २००१ मध्ये नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात पुन्हा मिळाला. जंगलाच्या अगदी थोड्या भागातच त्याचं घर आहे. त्याचे भाऊबंद, झाडाच्या ढोलीत राहणारे पोसिलोथेरिया, आपल्या सह्याद्रीतही आहेत. त्यांच्या चाव्याने माणसाचे स्नायू कित्येक दिवस पिळवटून निघतात, पण मला त्याहून काळजी त्यांचीच वाटते. एक जुनं झाड तोडलं की ढोलीतलं अख्खं कुटुंब रस्त्यावर येतं. २०१९ पासून ही सगळी प्रजाती आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या यादीत आहे, आणि वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ ला लागू झाल्यापासून ती यादी आपल्या कायद्यातही आली. मुलगा नाही म्हणाला. मला बरं वाटलं. कोळी बघायचे तर आपल्या मुंबईतल्या आरेच्या जंगलात जावं. जमिनीवर राहणाऱ्या तिथल्या एका टॅरेंटुलाला २०१४ मध्ये आरेचंच नाव मिळालं आहे. त्याला घरी आणायची गरज नाही.

बकुळाची पेटी धुऊन वाळवून माळ्यावर ठेवली होती. मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या अकरावीच्या मुलाने ती मागितली. त्याला कुणीतरी पिंक टोचं पिल्लू देणार होतं. मी पेटी घेऊन स्वतः त्याच्या घरी गेले. त्याच्या आईला विचारलं, “वहिनी, रात्री मशीन लावता का?”

“लावावंच लागतं हो, धाकटीला डेंग्यू झाला होता ना.”

तिचं काही चुकत नव्हतं. तिने चहा केला, आम्ही दोघी बराच वेळ बोललो. मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. निघताना मी पेटी परत घेऊन आले.