‘स्वतःच्या जबाबदारीवर’ : सूचनेने दायित्व टळते का?

‘वाहन स्वतःच्या जबाबदारीवर उभे करावे’ ही पार्किंगच्या पावतीवरील ओळ सर्वपरिचित आहे. ती छापली की सेवा देणारा जबाबदारीतून मुक्त होतो, हा समज मात्र कायद्याला मान्य नाही.

दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलमध्ये १९९८ साली पाहुण्याने कर्मचाऱ्याकडे किल्लीसह सोपविलेली मोटार चोरीस गेली. या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निर्णय दिला. वाहन ताब्यात घेतल्यावर त्याची योग्य काळजी घेतली, हे हॉटेलनेच सिद्ध केले पाहिजे. स्वतःच्या वा कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणाचे दायित्व पावतीवरील मजकुराने झटकता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. या निर्णयाचा पाया १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील निक्षेपाच्या तरतुदींमध्ये आहे. वाहनाचा ताबाच दिला नसेल, तर निष्कर्ष वेगळा निघू शकतो.

दायित्वमुक्तीच्या अटीहून क्षतिपूर्तीची हमी अधिक गंभीर असते. पहिलीत स्वाक्षरी करणारा स्वतःचा दावा सोडतो. दुसरीत समोरच्याचे नुकसान भरून देण्याचे ओझे तो स्वतःवर घेतो. करार कायद्याच्या कलम १२४ मध्ये अशा हमीची व्याख्या आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये अनुचित कराराच्या अटी राज्य व राष्ट्रीय आयोग रद्दबातल ठरवू शकतात. तथापि, दाद मागण्यासाठी ग्राहकालाच पुढे यावे लागते. छापील ओळ पाहून तो परत फिरला, तर न्यायालयात न टिकणारी अटही व्यवहारात यशस्वी ठरते.