रंगीत चित्रामागची जाळी

धरणाचा सांडवा असो, बंदराची भिंत असो की हृदयाची कृत्रिम झडप. तिथे द्रव कसा वाहील याचा अंदाज आज बहुधा संगणकावर बांधला जातो. अहवालात निळ्या-तांबड्या रंगांची देखणी चित्रे येतात आणि मंजुरी देणाऱ्यांपुढे तीच पुरावा म्हणून ठेवली जातात. ही चित्रे कोणत्या जाळीवर काढली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

यासाठी वापरल्या जाणाऱ्या फायनाइट एलिमेंट पद्धतीत प्रवाहाचे क्षेत्र छोट्या चौकोनांत विभागून प्रत्येक चौकोनात वेग आणि दाब साध्या सूत्रांनी मांडतात. पाणी जवळपास दबत नाही. त्यामुळे चौकोनात जेवढे येईल तेवढेच बाहेर पडले पाहिजे, आणि ही अट पाळायला लावण्याचे काम दाबाकडे असते. गोम इथेच आहे. दाबाची सूत्रे वेगाच्या मानाने फार बारीक ठरवली, तर वेगाला हालायला जागा उरत नाही किंवा दाबच भरकटतो. कोपऱ्यांवर वेग आणि प्रत्येक चौकोनात एकच दाब, ही सर्वांत स्वस्त जोडी. तिच्यात शेजारच्या चौकोनांतील दाब आलटून-पालटून कमी-जास्त होऊन बुद्धिबळाचा पट उमटू शकतो. त्याच वेळी वेगाचे चित्र बऱ्यापैकी बरोबर असते. म्हणजे डोळ्यांना पटणारा प्रवाह खरा, पण भिंतीवरचा भार सांगणारा आकडाच खोटा! कोणती जोडी सुरक्षित, याची कसोटी लादिझेन्स्काया, बाबुश्का आणि ब्रेझ्झी या गणितज्ञांच्या नावाने ओळखली जाते. बाबुश्का व ब्रेझ्झी यांचे निबंध अनुक्रमे १९७३ आणि १९७४ सालचे आहेत.

जोडी योग्य निवडली तरी चौकोनाचा आकार उरतोच. डग्लस अर्नोल्ड, दानिएले बोफी आणि रिचर्ड फॉक यांनी २००२ मध्ये दाखवून दिले की आठ बिंदूंची प्रचलित चौकोनी सूत्रे वाकड्या चौकोनांवर अचूकतेची एक पायरी गमावतात. जाळी दुप्पट बारीक केल्यावर चूक आठव्या हिश्श्यावर यायला हवी, ती चौथ्या हिश्श्यावरच थांबते. गंमत अशी, की नेहमीच्या रीतीने बाजूंचे मध्य जोडून जाळी बारीक करत गेले तर वाकडे चौकोन हळूहळू समांतरभुज होतात आणि दोष दिसेनासा होतो. परीक्षाच आरोपीला सोडवते, असा हा प्रकार. प्रवाहगणितातील दाबाच्या सूत्रांबाबत असाच इशारा बोफी आणि लुचिया गास्ताल्दी यांनी त्याच वर्षी दिला होता.

हा केवळ गणितज्ञांचा वाद नव्हे. प्रवाहाचे नसले तरी याच पद्धतीचे उदाहरण नॉर्वेत घडले आहे. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगरजवळच्या खाडीत ‘स्लायप्नर-ए’ या तेलफलाटाचा काँक्रीटचा पाया चाचणीसाठी पाण्यात खाली उतरवला जात असताना एका कोठीची भिंत फुटली आणि सारा सांगाडा तळाशी गेला. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचे झाले. त्या भिंतीतील कर्तन-ताण सदोष जाळीमुळे ४७ टक्के कमी मोजला गेला होता. सळयांची मांडणीही अपुरी होती. नंतर काळजीपूर्वक केलेल्या गणिताने ६२ मीटर खोलीवर भिंत फुटेल असे सांगितले; प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली. पद्धत निर्दोष होती, वापर नव्हता.

खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात आजही धरणा-बंदरांच्या प्रतिकृती बांधून त्यांत पाणी सोडले जाते आणि जोडीला गणिती प्रारूपेही चालवली जातात. ही दुहेरी सोय प्रत्येक प्रकल्पाला परवडणारी नाही, हे उघड आहे. पण दोन वेगवेगळ्या जाळ्यांवरची उत्तरे शेजारी-शेजारी मागणे परवडते, आणि त्यातली एक केवळ पहिलीचे चौकोन निम्मे करून काढलेली नसावी, ही अट निविदेत एका ओळीत बसते. प्रवाहाच्या चित्राशेजारी दाबाचे, रंग गुळगुळीत न केलेले चित्रही मागावे. आता अशाच गणितांच्या निकालांवर कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे शिकवली जात आहेत. त्यांच्या उत्तरांत मूळ जाळी पाहायलाही मिळणार नाही.