दारातील कुंडी

ज्यांच्या घराला अंगण आहे ते भाग्यवान खरे. परंतु अंगण नाही म्हणून झाडांची हौस मनातच मारावी लागते, असे मुळीच नाही. घरापुढे तुळस लावण्याची आपली रीत फार जुनी आहे. वाड्याच्या चौकात तुळशीला दगडी वृंदावन लाभले, तर चाळीच्या गॅलरीत ती मातीच्या कुंडीत, प्रसंगी एखाद्या जुन्या डब्यातही सुखाने वाढली.

प्रश्न असा, की दारी झाड लावावयाचे ते कशासाठी? पुष्कळांना वाटते, केवळ शोभेसाठी. दिवाळी जवळ आली की ते फुलांनी बहरलेल्या गुलाब-शेवंतीच्या डझनभर कुंड्या आणून दाराशी मांडतात. येणारे-जाणारे चार दिवस कौतुक करतात. पुढे फुले सुकतात, कौतुक ओसरते आणि पाणी घालण्याचाही विसर पडतो. शिमग्यापर्यंत कुंड्यांत काटक्या तेवढ्या उरतात. माझ्या मते अशा हौसेपेक्षा मोकळे दार बरे.

जमिनीतील झाडाची मुळे पाण्याच्या शोधात खोल जातात, दूरवर पसरतात. कुंडीतील झाडाला ही मुभा नसते. त्याचा सारा संसार वीतभर मातीत! वैशाखात सकाळी भिजविलेली ती माती संध्याकाळपर्यंत कोरडी पडते. आपण झाडाला कुंडीत लावले, त्याच क्षणी त्याच्या तहानभुकेचा भार आपल्यावर आला.

म्हणून कुंड्या दोनच असाव्यात, पण त्या नीट सांभाळाव्यात. आपल्या दारी ऊन किती वेळ येते, ते आधी पाहावे. चांगले ऊन मिळत असेल तर मोगरा, जास्वंद किंवा सदाफुली लावावी. ऊन न येणाऱ्या जिन्यात मोगऱ्याकडून फुलांची अपेक्षा करणे व्यर्थ. तेथे सावलीत रमणारा नेचा बरा. कुंडीच्या बुडाला भोक हवेच. पाणी साचून राहिले तर मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. मातीत पेरभर बोट खुपसून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी घालू नये. प्रेमाच्या भरात बुडविलेली झाडेही मरतातच.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दार आपले असले, तरी दारापुढील वाट सर्वांची असते. आपल्या कुंडीला अडखळून एखाद्या आजोबांचा तोल गेला, तर त्या फुलांची काय शोभा? कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यात एडिस डासाची मादी अंडी घालते. हा डास डेंग्यू पसरवितो. अंडी ताटलीच्या कडेला चिकटून बसतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात; पुन्हा पाणी मिळाले की त्यांतून सुमारे आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. यासाठी नुसते पाणी ओतून भागत नाही. ताटली दर आठवड्याला घासावी लागते.

मुलांनो, खरी परीक्षा होते ती उन्हाळ्याच्या सुट्टीत. आजोळी जाण्याच्या घाईत कुंडीची आठवण कोणाला राहते? निघण्यापूर्वी ती शेजारच्या काकूंच्या दारी नेऊन ठेवा आणि पाणी घालण्याची विनंती करा. त्या दिवसांत मोगरा फुलला, तर ती फुले आनंदाने त्यांच्याकडेच राहू द्या.

दारी झाड असावे, असे मला मनापासून वाटते. परंतु कुंडी आणण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारा : फुले नसतानाही मी रोज सकाळी या झाडाकडे पाहीन काय? उत्तर 'होय' आले, तर आजच कुंडी आणा.