मोटारीचे बटण कुणाच्या हाती?

रब्बीचा हरभरा, गहू ओलिताला आला की राजुरा तालुक्यातल्या शेतकऱ्याचे घड्याळ बदलते. कृषिपंपाची वीज कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की टॉर्च आणि काठी घेऊन वावरात जायचे, मोटार सुरू करायची आणि पहाटेपर्यंत पाणी वळवत राहायचे. अंधारात रानडुक्कर असते, साप असतो. या भागात वाघही असू शकतो. धोका तर आहेच. पण तो कधी पत्करायचा, हेसुद्धा त्या शेतकऱ्याने ठरवलेले नसते. वेळापत्रक दुसऱ्या कुणीतरी आखलेले असते.

अशा माणसाची दुखणी दवाखान्यात वेगळ्याच नावांनी येतात. पोटात जळजळ होते, छातीत धडधडते, झोप लागत नाही, गोळ्या चालू असूनही बीपी उतरत नाही. केसपेपरवर ‘आम्लपित्त’, ‘निद्रानाश’ असे लिहिले जाते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. ताणाचा शरीरावर किती परिणाम होईल, हे संकटाच्या आकाराइतकेच आणखी एका गोष्टीवर अवलंबून असते: त्या संकटाबाबत आपण काही करू शकतो का?

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा उंदरांनी दिला. अमेरिकी शास्त्रज्ञ जे वाइस यांनी 1970 च्या सुमारास उंदरांच्या जोड्या केल्या. दोघांच्या शेपटीला एकाच वेळी, सारख्याच तीव्रतेचे विजेचे झटके बसत. फरक इतकाच, की एका उंदराला चाक फिरवून झटका थांबवता येत होता. त्याने थांबवला की दुसऱ्याचाही थांबे. दुसऱ्याच्या हातात मात्र काही नव्हते. झटके मोजून सारखे, तरी दुसऱ्याच्या जठरात जखमा कितीतरी जास्त झाल्या. झटक्याआधी इशारा देणारा आवाज झाला, तर जखमा कमी होत. (माणसातल्या अल्सरमागे बहुधा हेलिकोबॅक्टर हा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात, हे आता आपल्याला ठाऊक आहे. म्हणून ताणाचा पोटाशी संबंधच नाही असे मात्र होत नाही.)

वाइस यांचे आणखी एक निरीक्षण फारसे सांगितले जात नाही, आणि आपल्या भागासाठी तेच जास्त मोलाचे आहे. जो प्राणी सतत धडपडतो, पण त्या धडपडीचा काही उपयोग झाला की नाही हे त्याला कळतच नाही, त्याची अवस्था सर्वांत वाईट होते. कधी कधी तर गप्प बसून राहणाऱ्यापेक्षाही वाईट. रानडुकरांनी पीक लोळवल्यावर अर्ज करणारा, पंचनाम्यासाठी चकरा मारणारा आणि पुढे काय झाले हे कुणीच न सांगितलेला शेतकरी याच अवस्थेत असतो. भरपाईची रक्कम हा एक प्रश्न झाला. उत्तरच न मिळणे हा दुसरा, आणि तो थेट आरोग्याचा आहे.

2019-20 मध्ये राजुरा आणि विरूर वनपरिक्षेत्रांत आरटी-1 या वाघाच्या हल्ल्यांत आठ जणांचे जीव गेले. ऑक्टोबर 2020 मध्ये तो जेरबंद होऊन गोरेवाड्याला गेला. त्या काळात वावरात, जंगलात जाणे थांबले नाही, कारण थांबणे परवडणारे नव्हते. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मारल्या गेल्या, तेव्हाही ‘लोक जंगलात जातातच कशाला?’ असा प्रश्न शहरातून आलाच. तेंदूपानांचा हंगाम काही दिवसांचा असतो आणि त्या दिवसांत मिळणारे पैसे पावसाळ्याच्या तोंडावर लागतात. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याला ‘सावध राहा’ सांगणे हा उपचार नव्हे.

येथेच ‘मन खंबीर ठेवा, विचार सकारात्मक ठेवा’ हा सल्ला तोकडा पडतो. नियंत्रण आहे असे नुसते वाटण्याचाही फायदा होतो, हे खरे. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांच्या प्रयोगात काही लोकांना कर्कश आवाजात बसवले आणि ‘अगदीच असह्य झाले तर हे बटण दाबा’ असे सांगितले. बहुतेकांनी बटण दाबलेच नाही, तरी नंतरच्या कामात ते बटण नसलेल्यांपेक्षा सरस ठरले. पण तिथे धोका फक्त आवाजाचा होता. जिथे वाघ आहे तिथे खोटे बटण जीव घेऊ शकते. सुंदरबनात 1980 च्या दशकात वाघाला चकवायला डोक्यामागे मुखवटे बांधण्याचा उपाय निघाला. सुरुवातीला त्याचा उपयोग दिसला, पण मुखवटा आहे म्हणून एकट्याने खोल रानात शिरणे शहाणपणाचे कधीच नव्हते.

मग खरे बटण कुठे आहे? गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने त्याचा एक नमुना दाखवला. 2012 मध्ये या गावाला सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभेने बांबूचा व्यवहार स्वतःच्या हाती घेतला आणि तेंदूपाने तोडायचीच नाहीत असे ठरवले. पानांसाठी झाडे छाटली जातात, आगी लावल्या जातात, हे त्यामागचे कारण. निर्णय वाघासाठी नव्हता. पण बांबूचे उत्पन्न हाती होते म्हणून ‘नाही’ म्हणता आले, आणि ते गावानेच म्हटले.

विजेचेही तसेच. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे, सौर कृषिपंपही मिळतात. ढगाळ दिवशी सौरपंपाचे पाणी मंदावते, ही तक्रार रास्त आहे. तरीही वाघाच्या पट्ट्यातील गावांना या योजनांत अग्रक्रम मिळायला हवा, आणि ही मागणी आरोग्य खात्यानेही करायला हवी. वन्यप्राण्यांमुळे होणारे पिकाचे नुकसान खरीप 2026 पासून पुन्हा पीकविम्यात घेण्याचा निर्णय केंद्राने नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केला. त्यासाठी 72 तासांत ॲपवर माहिती द्यावी लागणार आहे. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा वावरात नेटवर्क नाही, त्याच्यासाठी हे पुन्हा न फिरणारे चाकच ठरेल. गावात एक माणूस त्या कामासाठी नेमणे आणि अर्जाचे काय झाले ते ठरलेल्या दिवशी कळवणे, एवढे तरी व्हावे.

तोवर घरी काय करता येईल? वावरात एकट्याने जाऊ नये. शेजारच्या दोघा-तिघांनी जागलीच्या पाळ्या लावून घ्याव्यात. सोबत असली की धोका खरोखर कमी होतो आणि पुढची रात्र कुणाची हे आधी कळते. बीपीची गोळी रात्रपाळीमुळे चुकत असेल, तर ती स्वतःहून बंद न करता वेळ डॉक्टरांना विचारून बदलावी. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नसेल, कशातच मन लागत नसेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर रुग्णालयात यावे किंवा टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. आणि झोपेची गोळी लिहून देण्यापूर्वी डॉक्टरांनीही एक प्रश्न विचारावा: या आठवड्यात तुमच्या मोटारीची वीज किती वाजता येते?